यंत्रमानव कोणाच्या दारी?

'रोबोट' हा शब्द आज आपल्या मुलांच्या तोंडी एखाद्या खेळण्याच्या नावाइतका सहज रुळला आहे. परंतु या शब्दाचा जन्म खेळातून झालेला नाही. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकात, कारखान्यात घडवलेल्या कृत्रिम कामकऱ्यांसाठी तो प्रथम योजला. शब्द सुचवला तो त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावयाची राबणूक. आपल्याकडे जिला वेठ म्हणत, तीच. 'यंत्रमानव' हा आपला मराठी प्रतिशब्द त्या मानाने सौम्य आहे. मूळ शब्दात मात्र मनुष्यजातीची एक फार जुनी इच्छा उघडपणे बोलून दाखवलेली आहे : आपल्या जागी दुसऱ्या कोणी तरी राबावे.

ही इच्छा पापमय आहे, असे मी म्हणणार नाही. बैलाच्या मानेवर जू ठेवणाऱ्या शेतकऱ्याची, रहाटाला मोट जोडणाऱ्या बागाईतदाराची इच्छा तीच होती. प्रश्न एवढाच की, वेठ सुटते ती नेमकी कोणाची? ज्याच्या मानेवर जू सर्वांत जड आहे त्याची, की ज्याचे जू उतरवणे सर्वांत किफायतशीर आहे त्याची? आपल्या देशातील कारखान्यांत यंत्रमानव येऊ लागले आहेत, आणि हा प्रश्न आता केवळ तत्त्वचिंतकांचा राहिलेला नाही. तो आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांच्या जेवणाच्या पाटापर्यंत पोहोचला आहे.

आकडे काय सांगतात

यंत्रमानवांची जागतिक मोजदाद आंतरराष्ट्रीय यंत्रमानव महासंघ ही संस्था दरवर्षी करते. तिच्या नोंदीनुसार २०२२ साली भारतातील कारखान्यांत ५,३५३ नवे यंत्रमानव बसवले गेले. २०२३ साली हा आकडा ८,५१० वर गेला; म्हणजे एका वर्षात ५९ टक्के वाढ झाली. २०२४ साली तो सुमारे ९,१०० झाला आणि वार्षिक उभारणीत भारत जगात सहाव्या क्रमांकावर आला. ऐकून छाती फुगावी असेच हे आकडे आहेत. परंतु त्याच वर्षी साऱ्या जगात सुमारे ५ लाख ४२ हजार यंत्रमानव बसवले गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या चीनने बसवले. त्या हिशेबात आपला वाटा शंभरात दोनही भरत नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे २०२३ साली कारखान्यांतील दर १०,००० कामगारांमागे १,०१२ यंत्रमानव होते. जगाची सरासरी १६२ होती. मात्र त्याच वर्षी कोरियातील जननदर दर स्त्रीमागे ०.७२ अपत्य इतका खाली गेला होता. ज्या घरात मुले जन्मलीच नाहीत, त्या घरातील रिकाम्या खुर्चीवर तेथे यंत्र येऊन बसले आहे. आपल्याकडे खुर्चीसाठी तरुणांची रांग लागलेली आहे. यंत्र तेच, त्याचा पोलादी हातही तोच. पण दोन देशांत त्याचा नैतिक अर्थ एक नाही. परदेशातील कौतुक किंवा परदेशातील भीती, यांपैकी कोणतीही गोष्ट जशीच्या तशी उचलून आपल्या घरात मांडता येत नाही, ती यासाठी.

आपल्याकडे हे यंत्रमानव जातात कोठे? २०२४ सालच्या उभारणीतील जवळजवळ निम्मा वाटा मोटार उद्योगाचा होता. चेन्नई, पुण्याजवळचे चाकण, गुरुग्राम-मानेसर, गुजरातमधील साणंद ही त्या उद्योगाची ठाणी. मोटारीचा सांगाडा जोडताना पत्र्यावर काही हजार ठिकाणी वेल्डिंगचे टाके घालावे लागतात. जाळीच्या कुंपणाआड उभे असलेले यांत्रिक बाहू एका लयीत वाकतात, ठिणग्या उडतात आणि गाडा पुढे सरकतो. कुंपणाचे दार कोणी उघडले, तर सारे यंत्र जागच्या जागी थांबते. याखेरीज माणसाच्या शेजारी कुंपणाविना उभे राहणारे, स्पर्श होताच थबकणारे सहकारी यंत्रमानवही आहेत. बजाज ऑटोने २०१० च्या सुमारास ते आपल्या कारखान्यांत आणण्यास सुरुवात केली.

हे सारे वाचून कोणालाही वाटेल की, भारतीय कामगाराच्या अंगावरचे ओझे उतरू लागले आहे. ते कोठे उतरले आहे आणि कोठे उतरलेले नाही, हे पाहण्यासाठी मोठ्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून औद्योगिक वसाहतीतील गाळ्यांत शिरावे लागते.

बोटाची किंमत

मोटारीचा सांगाडा मोठ्या कारखान्यात जोडला जातो. पण तिचे कंस, पट्ट्या, बिजागऱ्या, पत्र्याचे शेकडो सुटे भाग लहान कारखान्यांत घडतात. ते घडवण्याचे साधन म्हणजे पॉवर प्रेस. यंत्राच्या खालच्या व वरच्या डायमध्ये कामगाराने हाताने पत्रा सरकवावयाचा, पायाने पेडल दाबावयाचे, वरचा भार खाली आदळतो आणि भाग तयार होतो. पाळीत असे हजारो ठोके. झोप अपुरी असली, पत्रा किंचित अडकला, किंवा झिजलेल्या यंत्राने न दाबताच दुसरा ठोका दिला, की बोटे डायमध्येच राहतात.

हे टाळण्याचे उपाय काही गूढ नाहीत. दोन बटने दूरदूर बसवून दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय ठोका पडूच नये, अशी व्यवस्था करता येते. डायच्या पुढे प्रकाशाचा अदृश्य पडदा लावता येतो. हात आत जाताच यंत्र थांबते. तरीही कित्येक गाळ्यांत एक बटन दोरीने बांधून ठेवलेले असते, कारण तसे केल्याने हात मोकळा राहतो आणि तासाला अधिक नग निघतात. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने मोटार उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतील अपघातांवर अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. हात आणि बोटे गमावणाऱ्यांत पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे त्या अहवालांतून वारंवार पुढे आले आहे.

कारखान्यांच्या वस्तीतील धर्मगुरूला हे समजण्यासाठी अहवालाची फार गरज पडत नाही. ख्रिस्तशरीर देताना आमच्यासमोर माणसांचे चेहरे येतात तसे तळहातही येतात. शाळकरी पोरांचे मऊ तळहात, मासळी साफ करणाऱ्या बायांचे चिरा पडलेले तळहात, आणि मधूनच तीनच बोटांचा एखादा तळहात. तो तळहात पुढे करणाऱ्याला मी कधी काही विचारीत नाही. पण असे हात सहसा ज्या वयात दिसतात, ते वय विशी-पंचविशीचे असते.

आता विचार करा. जगातील पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलणे, हे त्याला पहिले काम देण्यात आले, कारण ते माणसासाठी धोक्याचे होते. तेथे यंत्राचा हात प्रथम गेला तो जेथे माणसाचा हात भाजत होता तेथे. आपल्याकडे साठ वर्षांनंतर तो मोठ्या कारखान्याच्या चकचकीत दालनात उभा आहे, आणि जेथे बोटे तुटतात त्या गाळ्यापर्यंत फारसा पोहोचलेला नाही. याचे कारण यंत्रशास्त्रात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. मोठ्या कारखान्यात टाका चुकला तर महागडी गाडी परत घ्यावी लागते. गाळ्यात बोट तुटले तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा उभा राहतो. यंत्रमानव आला तो जेथे माणूस महाग झाला तेथे. जेथे माणूस स्वस्त आहे तेथे त्याची गरज कोणाला भासली नाही.

यंत्रमानवही निर्दोष नाही. १९७९ साली अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात एका पंचवीस वर्षांच्या कामगाराचा यंत्रमानवाच्या आघाताने मृत्यू झाला. २०१५ सालच्या ऑगस्टमध्ये मानेसर येथेही एक तरुण असाच दगावला. म्हणून यंत्र आले की सुरक्षितता आपोआप येते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

कष्ट आणि काम

येथे आपल्या श्रद्धेला काही सांगावयाचे आहे. पुष्कळ भाविकांची अशी समजूत असते की, काम हा आदामाच्या पापाचा दंड आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाचा क्रम मात्र तसा नाही. परमेश्वराने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. आणि ही गोष्ट पतनाच्या आधीची आहे. पतनानंतर आले ते काटेकुसळे, घाम आणि शीण. म्हणजे काम हे निर्मितीचे दान आहे. कष्ट ही त्यावर बसलेली धूळ आहे. प्रभू येशूने आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग नाझरेथच्या सुतारशाळेत घालवला, तो दंड भोगण्यासाठी खचितच नव्हे.

हा भेद मनात ठेवला की यंत्राविषयीचा विवेक सोपा होतो. यंत्र जेव्हा माणसाचे कष्ट हरण करते तेव्हा ते निर्मात्याच्या योजनेला साहाय्य करते. यंत्र जेव्हा माणसाचे काम हिरावून घेते आणि त्या बदल्यात त्याला काहीच देत नाही, तेव्हा ते त्याच्या प्रतिष्ठेवर घाव घालते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या परिपत्रकात हाच विचार मांडला आहे. तंत्र हे माणसाचे मित्र आहे, परंतु ते माणसाला बाजूला सारू लागले की जवळजवळ वैरी बनू शकते, असा त्यांचा इशारा आहे. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत व रासायनिक कारखान्यात मजुरी केली होती. कामाचे मोल त्यातून निघणाऱ्या वस्तूवर ठरत नाही. ते करणारी एक व्यक्ती आहे, यावर ते ठरते, हे त्यांचे सांगणे त्यामुळे पुस्तकी वाटत नाही. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेव्हा दोनच दिवसांनी त्यांनी कार्डिनलांना त्याचे कारण सांगितले : पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळात तेराव्या लिओंनी 'रेरुम नोव्हारुम' लिहून कामगारांचा प्रश्न हाती घेतला; आज दुसरी क्रांती दारात आहे.

गिरणगावचा धडा

'रेरुम नोव्हारुम' १५ मे १८९१ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १० जून १८९० रोजी, मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मंजूर झाली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी १८८४ पासून लढा दिला होता. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. रविवार हा त्यांच्या कामगारांसाठी खंडोबाचा वार होता. तरी जे सत्य रोममध्ये लिहिले गेले, तेच परळ-भायखळ्याच्या चाळींत आधीच ओळखले गेले होते : माणूस यंत्रासाठी नाही, आणि यंत्राने वाचवलेल्या वेळेवर माणसाचाही हक्क आहे.

त्याच गिरणगावाने आपल्याला दुसराही धडा दिला आहे. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतील फार मोठ्या संख्येने कायमची रोजी गमावली. तेथे कोणताही यंत्रमानव आला नव्हता. काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर गेले, जेथे मजुरी कमी होती आणि कायद्याचा हात लांब होता. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. याचा अर्थ असा की, कामगाराला देशोधडीला लावण्यासाठी यंत्राची गरज नसते. बदलाचा भार कोणी वाहावयाचा याचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्यांनी तो दुर्बलांच्या खांद्यावर टाकला की पुरे.

आज हा भार कोणत्या खांद्यावर पडण्याची शक्यता आहे? शासनाच्या वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार, नोंदलेल्या कारखान्यांतील शंभर कामगारांपैकी चाळीसहून अधिक आता कंत्राटी आहेत. या शतकाच्या आरंभी हे प्रमाण विसाच्या आसपास होते. कंत्राटी कामगाराला यंत्र येणार हे कोणी सांगत नाही, त्याला नव्या यंत्राचे शिक्षण कोणी देत नाही, आणि तो गेला याची नोंदही होत नाही. ठेकेदार उद्यापासून येऊ नकोस म्हणतो, एवढेच. कायम कामगाराच्या बाबतीत निदान वाटाघाट होते. म्हणून यंत्रमानवाची खरी कसोटी या चाळिसांच्या बाबतीत लागणार आहे.

भाकरी की बोट?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. गाळ्यात यंत्रमानव आला तर बोटे वाचतील हे खरे, पण पगारही जाईल. प्रेसवर उभ्या असलेल्या मुलाला विचारले, तर तो धोक्याचा पगार पत्करील, बिनपगाराची सुरक्षितता पत्करणार नाही. मग त्याच्या वतीने सुरक्षिततेचा आग्रह धरणारे आपण कोण?

मला वाटते, या आक्षेपाचे उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागते. पहिली पायरी अशी की, भाकरी आणि बोट यांतून एकाची निवड करावयास लावणे हेच मुळात अन्यायाचे आहे. उपाशी माणसाने दिलेली संमती ही स्वतंत्र संमती नसते. कामगार मान्य करतो, एवढ्याने धोका नीतिमान होत नाही. शिवाय दोन बटनांची व्यवस्था, प्रकाशाचा पडदा, यंत्राची वेळच्या वेळी दुरुस्ती यांसाठी यंत्रमानवाच्या मानाने थोडाच खर्च येतो, आणि त्यांनी कोणाचीही नोकरी जात नाही. म्हणजे भाकरी की बोट हा पेच पुष्कळदा खोटा असतो. दोन्ही वाचवता येतात. फक्त तासाचे काही नग कमी निघतात.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. गाळ्याचा मालक म्हणेल, "फादर, मी काही टाटा-बिर्ला नाही. बँकेचा हप्ता डोक्यावर आहे. वरची कंपनी दरवर्षी भाव कमी करून मागते. मी पडदा लावला आणि शेजाऱ्याने नाही लावला, तर काम त्याच्याकडे जाईल." या म्हणण्यात तथ्य आहे. येथे उपयोगी पडते ती 'लाबोरेम एक्झर्चेन्स'मधील अप्रत्यक्ष मालक ही कल्पना. कामगाराला प्रत्यक्ष पगार देणारा एक मालक असतो. पण त्याच्या कामाच्या अटी दुरून ठरवणारे दुसरेही असतात. सुट्या भागाचा भाव ठरवणारी मोठी कंपनी, नियम करून तपासणी न करणारे शासन, आणि स्वस्त गाडी मागणारे ग्राहक, हे सारे अप्रत्यक्ष मालक आहेत. गाळ्यात तुटलेल्या बोटाचा जाब एकट्या गाळेवाल्याने द्यावयाचा नाही. ज्या कंपनीला आपल्या दालनात शेकडो यंत्रमानव परवडतात, तिला आपल्या पुरवठादाराच्या प्रेसवर पडदा परवडत नाही, हे म्हणणे विवेकाला पटणारे नाही.

आणि जेथे यंत्रमानव येणारच, तेथे तीन प्रश्न विचारले जावेत. त्याने उचलले ते काम माणसाला झिजवणारे होते, की माणसाला घडवणारे? त्या जागी काम करणाऱ्याला आधी कळवले होते का, आणि नवे यंत्र चालवण्याचे शिक्षण देताना पहिला हक्क त्याला दिला का? आणि यंत्राने वाचवलेला वेळ व पैसा यांतला काही वाटा त्याच्या घरी पोहोचला का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कारखान्यात देता येतात, तेथे यंत्रमानवाचे स्वागत करण्यात ख्रिस्ती माणसाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. दिवस मावळण्यास एक तास उरला असतानाही मळ्याच्या धन्याला बाजारात माणसे उभी दिसतात. ती आळशी म्हणून उभी नव्हती. त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. धनी त्यांना मळ्यात पाठवतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण त्यांच्या घरच्या चुलीला तासांचा हिशेब समजत नाही. यंत्रयुगात बाजारात उभ्या राहणाऱ्यांची संख्या वाढू शकते. त्यांची तेथवर जाऊन विचारपूस करणारा धनी कोण, हा प्रश्न प्रभूने आपल्यावर सोपवला आहे.

आपल्या घरापुरते

'फादर, मुलाला आयटीआयच्या कोणत्या ट्रेडला घालू?' असे आईबाप विचारतात, तेव्हा त्यामागे हीच भीती असते. मुलाला केवळ यंत्रापुढे उभे राहण्याचे नव्हे, तर यंत्र उघडून दुरुस्त करण्याचे, त्याला काम नेमून देण्याचे शिक्षण मिळेल असे पाहावे, एवढे मी त्यांना सांगू शकतो. त्याबरोबर हेही सांगतो की, मुलगा प्रेसवर लागला असेल तर त्याला घरी विचारा : बटने दोन आहेत का? एखादे बांधून तर ठेवलेले नाही ना? आईने विचारलेला हा प्रश्न निरीक्षकाच्या भेटीपेक्षा अधिक नियमितपणे विचारला जाऊ शकतो.

आपल्या धर्मग्रामांत गाळ्यांचे मालक आहेत, मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांत बसणारे आहेत, ठेकेदार आहेत, आणि प्रेसवर उभी राहणारी मुलेही आहेत. हे सारे रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. सोमवारी ते एकमेकांचे मालक, गिऱ्हाईक आणि नोकर होतात. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. त्या दिवशी कोठे कोठे अर्पणाच्या वेळी वेदीपाशी अवजारे आणून ठेवतात. करवत, थापी, पाना. पुढच्या १ मे रोजी मिस्सानंतर या सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे आणि आपल्या धर्मग्रामातील किती प्रेसवर पडदा नाही, याची यादी करावी, असे मी सुचवितो. यादी फार मोठी होणार नाही. ती वर्षभरात पुरी करणे आपल्या आवाक्यातले आहे.